जायफळचे खूर घट्ट झाले त्याची हकिगत

मित्रांनो, वाऱ्याने तबेल्याची खिडकी आपटू नये म्हणून तिच्या फटीत जी लोखंडी पट्टी अडकवून ठेवली आहे ना, ती मी. मी कानस आहे. जुनी आहे हे वेगळं सांगायला नको. माझ्या अंगावरून बोट फिरवलंत तरी आता खरचटणार नाही. एके काळी असं बोट फिरवायची कुणाची छाती नव्हती. माझ्या एका बाजूला मोठे दात होते, दुसऱ्या बाजूला बारीक, आणि माझं काम होतं घोड्यांचे खूर घासून नीट करणं. तुम्ही नखं कापल्यावर ती घासता, तसंच. फक्त इथे नख वाटीएवढं असतं आणि नखाच्या मालकाला राग आला तर तो लाथ मारतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. आधी मी नुसती पोलादाची पट्टी होते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग एका यंत्राने टोचे मारमारून माझ्या अंगावर एकेक दात उठवला. नंतर मला भट्टीत लाल होईपर्यंत तापवलं आणि एकदम थंड पाण्यात बुडवलं. त्याने मी कडक झाले. माझ्याच घाण्यातली एक कानस बांधाबांधीच्या वेळी फरशीवर पडली आणि तिचे सरळ दोन तुकडे झाले. साधी सळई पडली असती तर फार तर वाकली असती. आम्हाला वाकता येत नाही, कडक करताना आमचं ते जातं. कामगाराने दोन्ही तुकडे केराच्या टोपलीत टाकले आणि पुढची कानस कागदात गुंडाळायला घेतली.

दुकानातून मला एका नालबंदाने उचललं. नालबंद म्हणजे घोड्यांच्या पायांना नाल ठोकणारा माणूस. याला सगळे काका म्हणत. काका फार बोलके. घोड्याचा पाय मांडीवर घेतला की त्यांची टकळी सुरू व्हायची आणि पाय खाली ठेवला की थांबायची. दुकानात त्यांनी मला उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "ही द्या. हिचे दात बघूनच घोडा शहाण्यासारखा उभा राहील." हे माझं पहिलं कौतुक. पुढेही पुष्कळ झालं, पण पहिलं लक्षात राहतं.

काम ठरलेलं होतं. काका जुना नाल उपटून काढायचे, वाढलेला खूर मोठ्या पकडीने कापायचे आणि मग मला हातात घ्यायचे. मी खूर सपाट केला की त्यावर नवा नाल बसायचा. खुराची बाहेरची कड जाड असते आणि तुमच्या नखाच्या टोकासारखी निर्जीव असते. खिळे तिथेच ठोकतात, म्हणून घोड्याला दुखत नाही. खिळ्यांची बाहेर आलेली टोकं मोडून वळवली की मी माझ्या बारीक दातांनी ती गुळगुळीत करायची. झालं काम.

मला घोड्यांविषयी विशेष माया होती असं मी म्हणणार नाही. त्यांचे डोळे बोलके असतात म्हणे. असतील. कामाच्या वर्षांत मी घोडा गुडघ्याच्या वर फारसा पाहिलाच नाही. खूर मात्र मला नीट कळतात. चांगल्या खुराची साल वळून निघते, पेन्सिलीला टोक करताना निघते तशी. भिजून मऊ झालेला खूर माझ्या दातांत साबणासारखा चिकटून बसतो. आणि खूर ठिसूळ झाला की नुसती पूड पडते, साल निघतच नाही.

ज्या तबेल्यात मी आता आहे, तो घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका शाळेचा आहे. एक भाऊ आणि एक बहीण मिळून ती चालवतात. ताई मुलांना शिकवतात. दादा बाकीचं सगळं बघतात, म्हणजे दाणा, चारा, पालकांचे फोन आणि छपराची गळती. तिसरे अण्णा. ते मोतद्दार, घोड्यांना खाऊ घालणारे, खरारा करणारे आणि त्यांच्यावर दिवसभर खेकसणारे. काकांना या शाळेत वरचेवर यावं लागायचं, म्हणून त्यांनी हत्यारांची एक उघडी पेटी खोगिरांच्या खोलीत कायमची ठेवून दिली होती. त्या पेटीत मी. खोगिरांची खोली ठाणांना लागूनच, दार सदा सताड उघडं. म्हणून पुढचं सगळं मला जवळून दिसलं.

जायफळ ही तिथली घोडी. रंगावरून नाव पडलं. ताईंनी तिला शिंगरू असल्यापासून वाढवलेलं. नव्या मुलाला पहिल्यांदा घोड्यावर बसवायचं तर जायफळवरच, कारण मूल नीट बसेपर्यंत ती जागची हलत नसे. काकांनी नुसतं वाकायचं, ती आपणहून पाय उचलून त्यांच्या हातात द्यायची. "माझी बायको चहा देत नाही इतक्या पटकन ही पाय देते," काका म्हणायचे.

शाळेत एक रिवाज होता, ताईंनीच पाडलेला. तास संपला की मुलाने घोड्याचे आभार मानायचे, आणि ते तोंडाने नाही, तर नळीने त्याचे पाय धुऊन. जायफळ सगळ्यांची लाडकी, त्यामुळे तिचे आभार सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाललेले. पाणी, मग ऊन आणि धूळ, मग पुन्हा पाणी. खूर भिजायचे, फुगायचे, वाळायचे, आकसायचे आणि पुन्हा भिजायचे. मला तो साबण दातांत जाणवत होता. खिळ्यांची भोकं सैल होत गेली आणि नाल निसटू लागले. काका नाल ठोकून घरी पोचतात न पोचतात तोच फोन यायचा.

"काका, पुढचा डावा पुन्हा गेला."

"पुन्हा? अहो ताई, घोडी नाल घालते की स्लीपर?"

हसण्यावारी नेण्याचे दिवस लवकरच संपले. एका सकाळी दादा तबेल्याच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "हे असं चालायचं नाही. नाल टिकत नाही, आणि नालाशिवाय ती या खडीवर लंगडते. लंगड्या घोडीवर मी लोकांची मुलं बसवणार नाही. नुसती बांधून ठेवायची म्हटलं तर एक ठाण मोकळं नाही. घोडे ठेवून घेणाऱ्या कुरणवाल्यांशी बोललोय मी. चांगली माणसं आहेत, लांब आहेत एवढंच."

"चांगली असतील," ताई म्हणाल्या. "जायफळ त्यांना ओळखत नाही."

"मग पाय बरा कर तिचा," दादा म्हणाले आणि निघून गेले.

त्या आठवड्यात काकांनी एक डबा आणला. खूर घट्ट करायचं औषध. खूर स्वच्छ आणि कोरडा करून बाहेरच्या कडेला ब्रशने पातळ हात द्यायचा, आठवड्यातून एक-दोनदा, जास्त नाही. झाकण उघडल्याबरोबर असा उग्र वास सुटला की अण्णांना शिंका आवरेनात आणि ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मित्रांनो, औषध लागू पडलं. पुढच्या खेपेला काकांनी मला खुरावर फिरवलं तेव्हा माझे दात स्वच्छ राहिले आणि चांगली वळलेली साल निघाली. खिळे पक्के बसले. नाल टिकला, तोही नुसता दोन-चार दिवस नाही. जायफळ खडीवरून सरळ चालत गेली. अण्णांनी चक्क काकांचं कौतुक केलं, जे त्या तबेल्यात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. दादांनी कुरणवाल्यांचा विषय पुन्हा काढला नाही.

गोष्ट इथेच थांबली असती तर आज मी तुम्हाला औषधाचे गुण गाऊन मोकळी झाले असते. पण गुण आला की माणसांना धीर धरवत नाही.

डबा माझ्याच शेजारच्या फळीवर असायचा. सकाळी सगळ्यांच्या आधी अण्णा येत. त्यांना वाटायचं, ताईंना मुलांच्या गडबडीत कुठलं लक्षात राहणार. ते रोज एक हात देत, आणि खूर चमकावा म्हणून वरून तेल पुसत. तासाच्या आधी ताई येत. त्यांना वाटायचं, अण्णांचं आता वय झालं, विसरत असतील. काका तर आले की जाताना एक हात देऊनच जात, कारण आपल्याशिवाय कुणाला काही जमतं यावर त्यांचा मुळातच विश्वास नव्हता. एकाचा दुसऱ्याला पत्ता नव्हता.

आणि दुपारी, सगळे जेवून लवंडले की दादा येत. चपला दाराबाहेर काढून. डबा उचलायचे, जायफळच्या ठाणात जाऊन खाली बसायचे, चारही खूर वरून खालून, मधल्या मऊ भागासकट, अगदी वर केस सुरू होतात तिथपर्यंत रंगवून काढायचे, आणि डबा होता तसाच फळीवर आणून ठेवायचे. जाताना एकदा आजूबाजूला बघायचे. कुरणवाल्यांना फोन करणारे ते हेच.

मला चौघेही दिसत होते. सांगायची काही सोय नव्हती.

पुढे नाल बदलायचा दिवस आला. काकांनी मला खुरावर ओढलं आणि पांढरी पूड उडाली. साल नाही, नुसती पूड. काका खूश झाले. "बघा, दगड झालाय दगड!" ते अण्णांना म्हणाले. मला मात्र फरशीवर पडलेली माझी सोबतीण आठवली. मी काकांच्या हातात जरा अडखळले, एवढंच मला करता आलं. त्यांनी मला झटकून बाजूला ठेवलं आणि नाल ठोकायला घेतला.

पहिला खिळा गेला. दुसऱ्याला कट्ट असा आवाज झाला आणि खुराच्या कडेचा टवका उडाला, बशीचा उडतो तसा. तडा तिथून वर चढत गेला. जायफळने पाय हिसकावून घेतला. तिने असं कधीच केलं नव्हतं. काका तो पाय पुन्हा घ्यायला वाकले तर ती मागे सरली. कसाबसा पाय मांडीवर घेतला तेव्हा खुराखालचा मऊ भागही सुकून चिरलेला दिसला, आणि केसांच्या रेघेशी कातडी लाल. घोड्याचा पाय मांडीवर असताना काका गप्प बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

दादांना बोलावलं. त्यांनी खुराकडे पाहिलं, मग बराच वेळ जमिनीकडे. "कुरणवाल्यांना उद्या गाडी पाठवायला सांगतो," ते म्हणाले. "तिथे माती मऊ आहे. इथे राहिली तर आपण तिला मारूनच टाकू." ताईंनी एकच गोष्ट मागून घेतली. गाडी येण्याआधी डॉक्टरीणबाईंनी पाय बघायचा.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. गमबूट घातलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी चारही खूर पाहिले, दाबून पाहिले, हुंगले.

"काय लावता यांना?"

अण्णा डबा घेऊन आले. बाईंनी तो हलवला. आत काहीच वाजलं नाही.

"हा कधी आणला?"

काकांनी सांगितलं.

"मग एवढ्यात संपला कसा? हा सहा महिने पुरतो. कोण लावतं?"

"मी," अण्णा म्हणाले.

"मी," ताई म्हणाल्या, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अहो अण्णा, तुम्ही लावता? रोज?"

"तुम्ही विसरत असाल म्हणून, ताई."

"आता मीही सांगतो," काका म्हणाले. "मीसुद्धा जाताना एक हात मारायचो. पण बाई, औषधाला नावं ठेवू नका. ते नसतं तर नाल टिकला नसता. तेव्हाच घोडी गेली असती."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "औषधाला नावं ठेवतच नाहीये मी. ओल्या, पिळपिळीत खुराला त्याचा आधार होतो. आतले धागे ते एकमेकांना घट्ट बांधतं. पण घोडा पाय टेकतो तेव्हा खूर किंचित पसरतो, पाय उचलला की परत जवळ येतो. रोज बांधत गेलात तर त्याला पसरता येणार नाही. मग तो फुटतो. आणि हे मधल्या जिवंत भागाला लावायचंच नाही, तिथे भाजल्यासारखं होतं. अण्णा, तुमची बोटं दाखवा. बघा, तुमचीसुद्धा चिरली आहेत. वर पुन्हा तेल. आणि मुळात खूर ओले का होतात ते कुणी पाहिलंच नाही." त्यांनी कोपऱ्यातल्या नळीकडे बोट दाखवलं.

ताई मटकन बादलीवर बसल्या. आभार मानायचा रिवाज त्यांचा होता.

बाईंनी डबा पुन्हा हातात घेतला. "तरी हिशेब लागत नाही. तुम्ही तिघांनी कडेला लावलं. मग खाली आणि वर केसांपर्यंत कुणी लावलं? ते कळल्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही. खुराच्या आत किती मुरलंय त्यावर सगळं अवलंबून आहे."

अण्णांनी नकारार्थी मान हलवली, काकांनीही. दादा खांबाला टेकून उभे होते. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. कुरणवाले आले होते.

मी तेव्हा पेटीत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या मुकेपणाचा राग आला. माझ्या सगळ्या दातांचा त्या क्षणी काही म्हणजे काही उपयोग नव्हता. हे गृहस्थ तोंड उघडणार नाहीत, घोडी गाडीत चढेल आणि तिकडचे लोक तिच्या पायाला काय झालंय हे न कळताच आणखी काहीतरी लावत बसतील, असं मला वाटलं.

गाडीचा हॉर्न पुन्हा वाजला.

"दुपारी मी लावायचो," दादा म्हणाले.

ताईंनी वर पाहिलं. "तू?"

"वरून खालून, सगळीकडे. मला वाटलं, जास्त लावलं तर लवकर घट्ट होईल."

"अरे, तू तर तिला पाठवायला निघाला होतास!"

"पाठवायला लागू नये म्हणूनच ना!" दादांचा आवाज एकदम चिरकला. "तुम्हाला काय वाटलं, मला ती नकोय? मला तिच्याजवळ बसलेलं कुणी बघितलं असतं तर तिला पाठवा असं तोंड वर करून कसं म्हणालो असतो मी?"

जायफळने पुढचा दुखरा पाय उचलला, टेकवला, पुन्हा उचलला.

बाईंनी तो पुन्हा दाबून पाहिला. रोज लावलेलं असलं तरी खुराच्या मुळाशी इजा नव्हती. वरून नवा खूर चांगला येईल, म्हणाल्या. पण तो वाढत जमिनीपर्यंत यायला वर्षभर लागेल. तोवर नाल नाही, पाणी नाही, खडी नाही, आणि खुरांना काहीही लावायचं नाही. कोरडी, सपाट जागा हवी.

"कोरडं ठाणच नाहीये ना," अण्णा म्हणाले. "सगळीकडे नळीचं पाणी."

"माझं ऑफिस कोरडं आहे," दादा म्हणाले. ते बाहेर गेले, गाडीवाल्याची माफी मागून त्याला रिकामं परत पाठवलं आणि आल्या आल्या टेबलाचं एक टोक उचललं. "काका, दुसरं टोक धरा."

तेव्हापासून शाळेचं ऑफिस तबेल्याच्या व्हरांड्यात आहे. पालक फोन करतात तेव्हा मागून घोड्यांचं फुरफुरणं ऐकू येतं. नळी गुंडाळून माळ्यावर गेली. मुलांनी घोड्याचे आभार मानायचे ते आता कोरड्या ब्रशने पाय झाडून. ताईंना सगळ्यात जड गेलं ते काही न करणं. त्या जायफळपाशी बसायच्या, खुराकडे बघायच्या आणि हात मांडीखाली दाबून ठेवायच्या. पाय दुखावल्यापासून जायफळ काकांना पाय देत नव्हती. काकांनी ओढाताण केली नाही. ते येऊन नुसते शेजारी उभे राहायचे आणि काही न करता बडबड करून परत जायचे.

नवा खूर वरून हळूहळू खाली सरकत आला. त्याच काळात मी संपत आले. माझे मोठे दात बोथट झाले. काकांनी नवी कानस आणली आणि तिचंही उजेडात धरून कौतुक केलं. मला वाईट वाटलं, आणि ते लपवायचं काही कारण नाही. जायफळच्या खुराचा तो जुना, करपलेला टोकाचा तुकडा मात्र त्यांनी मलाच काढायला दिला, नवी फार ओढते म्हणून. त्या दिवशी काका वाकले आणि जायफळने थोडा वेळ विचार करून पाय त्यांच्या हातात दिला. आधी पूड पडली, मग पूड संपली आणि वळलेली साल निघू लागली. माझ्या हातून निघालेली ती शेवटची साल.

तसलाच औषधाचा नवा डबा तबेल्यात आजही आहे. एका मऊ खुरांच्या घोड्याला त्याचा चांगला उपयोग होतो. पण ब्रश फक्त अण्णांच्या खिशात असतो, बोटांवर हातमोजे असतात, आणि बाकीच्यांनी आधी अण्णांना विचारायचं असं ठरलं आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी आजारी असेल, एखादं कुत्रं असेल, कुंडीत एखादं रोप असेल आणि त्याच्यावर सगळ्यांचाच जीव असेल. त्याला काही लावण्याआधी, पाजण्याआधी घरातल्यांना हाक मारा आणि विचारा, "तुम्ही लावलंत का?" आणि तुम्ही आधीच लावलं असेल तर गप्प राहू नका. मी सगळं पाहत होते, पण मला नुसते दात होते. तुम्हाला तोंड आहे.